पेट्रोल कीं डिझेल? वर्ध्याच्या रस्त्यावरील एक जुना प्रश्न

वर्धा शहर नागपूरपासून सुमारें ७५ किलोमीटरांवर आहे. सेवाग्राम तेथून ८ किलोमीटर, पुलगांव सुमारें ३०, हिंगणघाट सुमारें ४० आणि आर्वी ५० हून थोडी अधिक. एवढ्या टापूंत कापसाचा व्यापारी, शाळेचे चालक, एखादा दवाखाना किंवा लग्नाचें वऱ्हाड पोहोंचविणारा गाडीवाला, अशा कोणालाहि मोठी बंदिस्त मोटार, म्हणजे जिला आज सर्रास व्हॅन म्हणतात ती गाडी, घ्यावयाची झाली कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो इंजिनाचा. पेट्रोलचें घ्यावें कीं डिझेलचें? कागद व पेन्सिल घेऊन गाडीची किंमत, तेलाचा भाव आणि वर्षाकांठीं होणारी धांव ह्या तीन आकड्यांवर हा प्रश्न सोडवितां येतो, असा समज आहे. आणि तो खोटाहि नाहीं. परंतु ह्या तिहींपैकीं मधला आकडा, म्हणजे तेलाचा भाव, वर्ध्याच्या बाजारांत कधींच ठरला नाहीं. तो कधीं ब्रह्मदेशाच्या तेलखाणींवर ठरला, कधीं इराणच्या आखाताकडे, तर कधीं दिल्लीच्या सचिवालयांत. म्हणून ह्या लहानशा निवडीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे जिल्ह्याच्या वेशीबाहेर पुष्कळ दूरवर जावें लागतें.

वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यांत आला, आणि १८६६ सालीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहराची आंखणी झाली. जिल्ह्याची जमीन काळी, मुख्य पीक कापसाचें, आणि पावसाळ्यांत रस्ते म्हणजे केवळ चिखल. शेतांतून जिनापर्यंत कापूस बंडीनें येई; माणसें दमणींतून किंवा रेंगींतून प्रवास करीत. बैलाचें इंधन म्हणजे कडबा आणि सरकी. तें त्याच शिवारांत पिके आणि त्याचा पैसाहि गांवांतच राही. मोटार आली तेव्हां जो पहिला फरक पडला तो वेगाचा खरा. पण त्याहून खोल असा दुसरा फरक असा होता कीं, ह्या नव्या जनावराचा चारा समुद्रापलीकडून येऊं लागला. जिल्ह्यांतील गाडीवाल्याचें नशीब त्या दिवसापासून तेलाच्या डब्याशीं बांधलें गेलें.

ह्या चाऱ्याच्या दोन जाती कां झाल्या, हें समजण्यासाठीं दोन जर्मन यंत्रज्ञांकडे वळलें पाहिजे. निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं चार धांवांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांत इंधनाची वाफ आणि हवा यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें, दट्ट्या तें दाबतो, आणि विजेच्या ठिणगीनें तें पेटतें. ह्याच तत्त्वावरील इंजिन बसवून कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं आपल्या मोटारगाडीचें पेटंट मिळविलें. पेट्रोलवर चालणारी आजची प्रत्येक गाडी त्याच वंशांतली. ह्या इंजिनाची मर्यादा एकच: मिश्रण फार दाबलें तर तें ठिणगीची वाट न पाहतां आपोआप पेट घेतें आणि इंजिन ठोके देऊं लागतें. म्हणून जुन्या पेट्रोल इंजिनांत मिश्रण साधारणतः पांच-सहा पटींपलीकडे दाबीत नसत.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म पॅरिसमध्यें १८५८ सालीं झाला. ज्याला ऑटोचें इंजिन भितें, त्याच गोष्टीचा त्यानें उपयोग करून घेतला. त्यानें सिलिंडरांत नुसती हवाच घेतली आणि ती इतकी दाबली कीं ती तापून लाल होण्याच्या बेतास यावी. मग त्या तप्त हवेंत तेल सोडलें. ठिणगीची गरजच उरली नाहीं. १८९३ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें झालेल्या परीक्षेंत त्याच्या इंजिनानें इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें २६ टक्के उष्णतेचें कामांत रूपांतर करून दाखविलें. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या मानानें हें प्रमाण अतिशय मोठें होतें. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत तर त्याच्या पद्धतीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें. १९१३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडकडे जाणाऱ्या बोटीवरून हा संशोधक रात्रींतून नाहींसा झाला. त्याचें नांव मात्र जगभर पेट्रोलपंपांवर राहिलें.

दोघांच्या स्वभावांतील भेद गाडीवाल्याला तीन प्रकारें जाणवतो. पहिला म्हणजे, अधिक दाबामुळें डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनांतून अधिक काम काढतें; विशेषतः गाडी सावकाश किंवा अर्ध्या ताकदीनें चालत असतां हा फरक फार वाढतो, कारण पेट्रोल इंजिनाला हवेची वाट आंवळून धरावी लागते, डिझेलला ती लागत नाहीं. शिवाय डिझेल तेल पेट्रोलपेक्षां दाट असल्यानें एका लिटरांत सुमारें दहा टक्के अधिक उष्णता भरलेली असते. दुसरा भेद म्हणजे, हा मोठा दाब सोसण्यासाठीं डिझेल इंजिन जाडजूड करावें लागतें. तें जड होतें, महाग होतें, आणि खडखडतें. तिसरा भेद तेल फवारणाऱ्या पंपाचा. ह्या पंपाला थेंबाच्याहि अंशाइतकें तेल नेमक्या क्षणीं सोडावें लागतें. तेलांत धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब आला तर पंप बिघडतो, आणि तो दुरुस्त करण्यासाठीं खास कारागीर व खास यंत्र लागतें. पेट्रोल इंजिनाची ठिणगी मात्र रस्त्याकांठच्या मिस्त्रीलाहि साफ करतां येते.

ह्याच पंपामुळें डिझेल रस्त्यावर येण्यास उशीर झाला. प्रारंभींचीं डिझेल इंजिनें कारखान्यांत आणि बोटींवरच बसत. १९२३–२४ च्या सुमारास जर्मनींत डिझेलचे पहिले ट्रक तयार झाले, १९२७ सालीं रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें असा पंप मोठ्या संख्येनें काढण्यास सुरुवात केली, आणि १९३६ सालीं मर्सिडीज-बेंझनें डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार विक्रीस आणली. ह्या अवधींत हिंदुस्थानचा बाजार अमेरिकन पेट्रोल गाड्यांनीं व्यापला होता. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस सुटे भाग जुळवून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. फोर्डच्या गाड्याहि याच रीतीनें देशांत जुळविल्या जात. मुफसलच्या रस्त्यांवर ज्या मोटारलॉऱ्या उतारू आणि माल घेऊन धांवूं लागल्या, त्या प्रायः अशा अमेरिकन सांगाड्यांवर देशी सुतारांनीं लांकडी पेटारा चढविलेल्या होत्या. इंजिन अर्थातच पेट्रोलचें. निवडीचा प्रश्नच तेव्हां उद्भवत नव्हता.

तो प्रश्न महायुद्धानें उत्पन्न केला. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि तें कुपनांवर मिळूं लागलें. पुढच्याच वर्षीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला. माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनीं १९४२ च्या एप्रिलांत येनानजाँग येथील तेलाच्या विहिरी स्वतःच्याच हातांनीं उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानला लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग ब्रह्मदेशांतून येत असे. तो झरा एकाएकीं आटला. आसामांतील डिग्बोईचें तेल देशाची गरज भागविण्यास फारच अपुरें होतें. ज्या वर्षीं जुलै महिन्यांत वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीनें इंग्रजांनीं देश सोडून जावें असा ठराव केला, तेंच हें वर्ष. वर्ध्याच्या स्टेशनाकडे देशाचे डोळे लागले होते, आणि स्टेशनाबाहेरच्या मोटारीला पेट्रोल मिळत नव्हतें.

ह्या अडचणींतून जो उपाय निघाला तो आज वृद्धांच्याहि आठवणींतून पुसत चालला आहे. देशभर मोटारलॉऱ्यांच्या मागें किंवा बाजूला लोखंडी पिंप बसविण्यांत आलें. त्यांत लांकडी कोळसा धगधगत ठेवून त्यावरून बेताची हवा ओढली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा ज्वालाग्राही वायु तयार होई. तो गाळून व थंड करून त्याच पेट्रोल इंजिनांत सोडीत. ह्याला लोक नुसतें ‘गॅस प्लँट’ म्हणत. बाभळीसारख्या कठीण लांकडाचा कोळसा ह्या कामीं चांगला समजला जाई. इंजिनाची ताकद मात्र तिसऱ्या हिश्श्याहूनहि अधिक घटे. सकाळीं गाडी निघण्यापूर्वीं क्लीनरला दहा-पंधरा मिनिटें पंखा फिरवून विस्तव फुलवावा लागे. चढावर उतारूंना खालीं उतरून गाडीमागें चालावें लागे. आणि गाळण्या वेळेवर साफ केल्या नाहींत तर राख इंजिनांत जाऊन त्याची घासण होई. वायु विषारी असल्यानें बंद जागेंत गाडी ठेवणें धोक्याचें असे. तरीहि ह्या खटाटोपानें एक गोष्ट सिद्ध झाली: समुद्रापलीकडचा चारा बंद झाला तरी गाडी जवळच्या रानांतील लांकडावर कशीबशी चालूं शकते. युद्ध संपलें, पेट्रोल परत आलें, आणि ते पिंप भंगारांत गेले.

ह्याच काळांत वर्धा शहरांतच ह्या सर्व प्रकाराकडे निराळ्या दृष्टीनें पाहणारा एक अर्थशास्त्रज्ञ राहात होता. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ च्या अखेरीस स्थापन झाला व त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत पडलें. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. त्यांचा ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. तेल आणि कोळसा ह्या भरून ठेवलेल्या सांठ्यासारख्या वस्तु आहेत. त्या वापराव्या तशा संपतात, आणि संपत चालल्या कीं त्यांच्यासाठीं राष्ट्रें एकमेकांच्या उरावर बसतात. उलट लांकूड, धान्य, बैलाची शक्ति ह्या वाहत्या प्रवाहासारख्या वस्तु असून त्या वर्षानुवर्षें पुन्हां उत्पन्न होतात, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे. येनानजाँगच्या जळत्या विहिरी डोळ्यांपुढे असतां हें विवेचन कोणाला केवळ तात्त्विक वाटलें नसतें. मगनवाडींत रॉकेलऐवजीं घाणीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार करण्यांत आला, तोहि ह्याच विचारानें. पॅरिसच्या प्रदर्शनांत भुईमुगाच्या तेलावर चाललेलें इंजिन आणि मगनवाडींत गळिताच्या तेलावर जळणारा दिवा यांच्यामध्यें जें नातें आहे तें कोणीं पुढें चालविलें नाहीं. स्वातंत्र्यानंतर देशानें जो रस्ता धरला तो निराळा होता.

तो रस्ता डिझेलचा होता. १९४६ सालीं शंतनुराव किर्लोस्करांनीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी काढली. पुढील काळांत तिचीं डिझेल इंजिनें महाराष्ट्रांतील विहिरींवर इतकीं सर्रास दिसूं लागलीं कीं शेतकऱ्याला डिझेल इंजिनाची पहिली ओळख गाडींत न होतां मळ्यांत झाली. १९५१ सालीं बंगळूरला बॉशच्या सहकार्यानें मायको कंपनी निघाली आणि तो नाजुक पंप देशांतच तयार होऊं लागला. १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें डायम्लर-बेंझशीं करार केला आणि त्याच वर्षीं जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक बाहेर पडला. नुसते परदेशी भाग जुळवून गाड्या विकणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपन्यांनीं त्याच सुमारास येथील काम आटोपतें घेतलें. अशा रीतीनें दहा वर्षांच्या आंत अवजड वाहनांचा सगळा मोहरा फिरला. डिझेलला जें मोठें भय होतें तें पंपाचें व कारागिराचें. तें भय ह्या दशकांत नाहींसें झालें.

उतारूंच्या वाहतुकींतहि हेंच झालें. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धांवली. प्रारंभींच्या ताफ्यांत शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, लेलँड अशा नाना जातींच्या गाड्या होत्या. प्रत्येक जातीचा सुटा भाग वेगळा, मिस्त्री वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि कालांतरानें वर्ध्याची सरकारी बस-वाहतूकहि त्याच संस्थेकडे आली. पुढें टाटा आणि लेलँड ह्या दोन देशी डिझेल गाड्यांवरच सारा कारभार चालूं लागला. एका आगारांत एकाच जातीचें इंजिन असणें ही स्वतःच एक मोठी काटकसर असते. वर्ध्याच्या तरुण मिस्त्रीनें जें इंजिन ट्रकवर शिकलें तेंच बसवर चाललें. आणि लहान गाडीचा मालकहि साहजिकच विचारूं लागला कीं, माझ्या गाडीला तेंच कां नसावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या गाडीचा वर्ध्याशीं घराण्याचा संबंध आहे. शेठ बच्छराज बजाज हे वर्ध्याचे व्यापारी. त्यांनीं नातू म्हणून दत्तक घेतलेले जमनालाल बजाज पुढें गांधीजींचे निकटचे सहकारी झाले आणि त्यांच्यामुळेंच गांधीजी वर्ध्यास आले. १९४५ सालीं निघालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनला ह्याच वर्ध्याच्या आजोबांचें नांव देण्यांत आलें. तीच संस्था पुढें बजाज ऑटो झाली. १९५८ सालीं अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानें व बजाज घराण्याच्या सहकार्यानें बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तिनें जर्मनीच्या विडाल अँड सोन, टेम्पो-वेर्क ह्या कारखान्याशीं करार करून प्रथम तीन चाकांची, पेट्रोलवर चालणारी मालगाडी काढली. ‘टेम्पो’ हें त्या कारखान्याचें नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें, यावरून ती गाडी किती पसरली हें कळतें.

मग १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्याच कंपनीची मॅटाडोर आली. मॅटाडोरची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. जर्मनींत १९४९ सालीं ह्या नांवाची पहिली गाडी निघाली तेव्हां तिला फोक्सवागनचें २५ अश्वशक्तीचें पेट्रोल इंजिन होतें. पुढें तो कारखाना हानोमाग कंपनीकडे गेला आणि १९७० च्या सुमारास डायम्लर-बेंझकडे. आणि त्या वंशांतील गाड्यांना मर्सिडीजचीं डिझेल इंजिनें मिळालीं. हिंदुस्थानी मॅटाडोरहि ह्याच वाटेनें गेली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत मर्सिडीजच्या जातीचें ओ. एम. ६१६ हें चार सिलिंडरांचें, २,४०४ घन सेंटिमीटर आकाराचें डिझेल इंजिन बसे. इंजिन पुढें, ओढहि पुढच्या चाकांना. त्यामुळें मागचा तळ जमिनीलगत आणि सपाट. कापसाच्या गांठीपासून नवरदेवाच्या मंडळीपर्यंत कांहींहि त्यांत मावे. आजारी माणसाला खाटेसकट आंत सरकवितां येत असे. १९८७ सालीं ह्याच कंपनीची टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, तीहि डिझेलचीच. दरम्यान महिंद्रांच्या जीपनेंहि पेट्रोल सोडून डिझेल धरलें होतें, आणि विदर्भांत ‘काळीपिवळी’ ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वडापच्या गाड्या त्याच वर्गांतून आल्या.

पेट्रोलच्या बाजूनें ह्या सामन्यांत उतरली ती १९८४ सालीं आलेली मारुतीची लहान व्हॅन. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, अवघें ७९६ घन सेंटिमीटरांचें; किंमत कमी, आवाज कमी, दुरुस्ती सोपी. डॉक्टर, वकील व शहरांतील कुटुंबें तिच्याकडे वळलीं. पुढें शाळेच्या मुलांची ने-आणहि तिनेंच केली. अशा रीतीनें निवड केवळ इंजिनाची न राहतां कामाची झाली: रोज लांब आणि जड जावयाचें असेल तर डिझेल, जवळ आणि हलकें असेल तर पेट्रोल.

ह्या विभागणीला सरकारी धोरणानें मोठा टेका दिला होता. डिझेल हें बसचें, ट्रकचें, रेल्वेचें आणि शेतकऱ्याच्या पंपाचें तेल. पेट्रोल हें मोटारवाल्या श्रीमंताचें. म्हणून पहिल्यावर कर कमी आणि दुसऱ्यावर अधिक, असें हें धोरण. १९७३ सालच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले तेव्हां तर ही दरी आणखीच रुंदावली. २०१० च्या जूनमध्यें सरकारनें पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, पण डिझेलचे धरून ठेवले. परिणामीं २०१२ च्या मे महिन्यांत दिल्लीस पेट्रोल लिटरमागें सुमारें ७३ रुपये आणि डिझेल सुमारें ४१ रुपये असा भाव होता.

ह्या दरींत गाडीवाल्याचा हिशेब कसा फिरतो, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एक व्हॅन पेट्रोलवर लिटरला ९ किलोमीटर आणि डिझेलवर १२ किलोमीटर धांवते, आणि डिझेलची गाडी एक लाख रुपयांनीं महाग आहे. २०१२ च्या वरील भावानें पेट्रोलला किलोमीटरमागें सुमारें ८ रुपये ११ पैसे व डिझेलला ३ रुपये ४२ पैसे लागत. फरक ४ रुपये ६९ पैशांचा. म्हणजे सुमारें २१,३०० किलोमीटरांत लाख रुपये वसूल. वर्धा–नागपूर जाऊन-येऊन १५० किलोमीटर होतात. रोज एक फेरी व वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४५,००० किलोमीटर. ह्या गाडीवाल्याचे जादा पैसे सहा महिन्यांच्या आंत फिटत. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाचे मात्र साडेतीन वर्षांनीं.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे भावहि मोकळे झाले. पुढें करहि वाढत गेले, आणि २४ जून २०२० रोजीं दिल्लीस डिझेल प्रथमच पेट्रोलपेक्षां किंचित महाग झालें. दोन्ही ८० रुपयांच्या आसपास. तोच हिशेब ८० रुपयांच्या सारख्या भावानें मांडला तर फरक किलोमीटरमागें २ रुपये २२ पैशांवर येतो, आणि लाख रुपये वसूल होण्यास ४५,००० किलोमीटर लागतात. नागपूरच्या फेरीवाल्याला एक वर्ष. कुटुंबाला साडेसात वर्षें. गाडी तीच, रस्ता तोच, चालकहि तोच. दिल्लीचा एक आकडा बदलला आणि शहाणपणाची निवड चुकीची ठरली. स्वस्त डिझेलच्या भरंवशावर कर्ज काढून ज्यांनीं गाडी घेतली, त्यांचा दोष येथें कोणता?

पण ह्याहूनहि मोठी एक बाब ह्या हिशेबांत कित्येक वर्षें धरलीच गेली नव्हती. डिझेल इंजिनांत तेल आणि हवा यांचें मिश्रण आयत्या वेळीं होतें. तें अपुरें झालें तर जळल्याशिवाय राहिलेला कार्बन काजळीच्या रूपानें बाहेर पडतो. गाडींत भरमसाट भार घालून, पंपाचा स्क्रू ढिला करून अधिक तेल सोडलें कीं मागें काळ्या धुराचा लोट उठे, आणि तो गाडीच्या जोराचें लक्षण समजला जाई. १९९५ पर्यंत आपल्या डिझेलमध्यें १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भाग, गंधक चालत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ च्या जूनमध्यें डिझेलचा धूर हा माणसांत कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ आहे, असा निश्चित निर्णय दिला. म्हणजे लिटरमागें जो पैसा वांचला तो गाडीवाल्याच्या व उतारूच्या खिशांत पडला. आणि त्याची किंमत सायकलवरील विद्यार्थ्यानें, रस्त्याकांठच्या चहावाल्यानें आणि वाहतुकीच्या पोलिसानें आपल्या फुप्फुसांतून दिली. ज्याच्या वहींत नफा, त्याच्या वहींत खर्च नाहीं. आणि ज्याच्या नांवावर खर्च, त्याला वहीच नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम देशभर लागू झाले. डिझेलमधील गंधक दशलक्षांत १० भागांवर आलें, आणि डिझेल गाडीला काजळी अडविणारी गाळणी व इतर उपकरणें जोडावीं लागलीं. लहान डिझेल इंजिनाला हा बोजा झेपेना; मारुतीनें त्याच मुहूर्तावर डिझेल गाड्या करणें बंद केलें. नव्या गाळणीचा एक स्वभाव गाडी घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: सांठलेली काजळी जळून जाण्यासाठीं इंजिन बराच वेळ तापून धांवावें लागतें. वर्ध्याहून सेवाग्रामला आठ किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या, गल्लीबोळांतून थांबत थांबत जाणाऱ्या गाडींत ती गाळणी तुंबते. समृद्धि महामार्ग वर्धा जिल्ह्यांतून जातो, आणि ११ डिसेंबर २०२२ पासून त्याचा नागपूर–शिर्डी हा भाग खुला झाला आहे. तसल्या लांब व अखंड रस्त्यावर मात्र तीच गाळणी आपोआप साफ होते. म्हणून मोठ्या व्हॅनमध्यें, भार वाहून रोज शंभर-दीडशें किलोमीटर जाणाऱ्याला, आजहि डिझेल परवडतें. आणि कमी फिरणाऱ्याला तें परवडत नाहीं, इतकेंच नव्हे तर त्रासहि देतें.

१ जून २०२२ रोजीं पुणें–अहमदनगर ह्या त्याच जुन्या मार्गावर राज्य परिवहनाची ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. तिला पेट्रोलहि लागत नाहीं आणि डिझेलहि नाहीं; रस्त्यावर ती धूर सोडीत नाहीं. परंतु देशांतील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासूनच होतो, आणि कोळसा हाहि कुमारप्पांच्या भाषेंत सांठाच आहे. पेट्रोलमध्यें उसाच्या व धान्याच्या मद्यार्काचें मिश्रण २०२५ मध्यें २० टक्क्यांवर गेलें. तें दर वर्षीं नव्यानें पिकतें हें खरें, पण त्याच्यासाठीं जमीन आणि पाणी लागतें, आणि तीं दोन्ही वर्ध्याच्या शेतकऱ्याला कांहीं विपुल नाहींत.

तेव्हां गाडी घेणाऱ्यानें कागद-पेन्सिल जरूर घ्यावी. गाडीची किंमत, तेलाचा भाव व वर्षाची धांव हे तीन आकडे मांडावे. आणि भावाचा आकडा आजचा एकच न धरतां तो उद्यां पालटला तर काय होईल, हेंहि पाहावें, कारण गेल्या ऐंशी वर्षांत तो अनेकदां पालटला आहे. त्यांखालीं चौथी एक ओळ मोकळी ठेवावी. गाडीच्या मागून चालणाऱ्यांचा खर्च त्या ओळींत लिहावयाचा आहे. वर्ध्याच्या रस्त्यावर बंडी होती तेव्हां ती ओळ रिकामी राहिली तरी चालत असे. इंजिन आल्यापासून ती कोणीं ना कोणीं भरीत आलाच आहे.